साउंड आर्टिस्ट आणि शिक्षक म्हणून जगणं: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मेलवर, लेक्चर संपल्यावर कॉरिडॉरमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे प्रश्न परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. मी पुण्यात एका कॉलेजात साउंड शिकवते आणि त्याच्या आधी-नंतर आवाजांवर स्वतःचं काम करते. एकच गोष्ट दोनदा लिहायला नको म्हणून मध्ये मध्ये दुसऱ्या प्रश्नाकडे पाठवलंय.

१. मॅडम, तुम्ही नक्की काय करता? संगीत की साउंड इंजिनिअरिंग?

दोन्हीच्या मधलं म्हणा. संगीतकाराला सूर-ताल हवे असतात, इंजिनिअरला आवाज स्वच्छ पोचवायचा असतो, आणि मला आवाज हेच मटेरियल म्हणून हवं असतं, मग तो जिन्यातला घुमारा असेल नाहीतर सोसायटीचा पंप. उदाहरण देते. सकाळी पाणी आलं की गच्चीवरची टाकी भरते, तेव्हा नीट ऐका, धारेचा आवाज हळूहळू वर चढत जातो, कारण पाणी वाढतं तशी वरची हवेची पोकळी लहान होते आणि लहान पोकळीचा सूर उंच. हंडा भरतानाही हेच होतं, आणि आपल्या आज्या न बघता नुसत्या आवाजावरून नळ बंद करायच्या. सध्या मी वेगवेगळ्या टाक्यांचे हे चढते सूर रेकॉर्ड करून चार स्पीकरवर एकत्र वाजवते, म्हणजे खोलीत उभं राहिलं की चारी बाजूंनी पाणी भरतंय असं वाटतं. याला साउंड इन्स्टॉलेशन म्हणतात.

२. दिवस कसा जातो? कॉलेज आणि स्वतःचं काम जमतं का दोन्ही?

जमतं, पण वेळ ठरवून. बाहेरचं रेकॉर्डिंग पहाटे, कारण सहा-साडेसहानंतर ट्रॅफिकची घरघर इतकी वाढते की खालचं सगळं झाकून जातं. मग लेक्चर, स्टुडिओ प्रॅक्टिकल, असाइनमेंट तपासणं, मीटिंगा, परीक्षांचे फॉर्म, हे कुठल्याही प्राध्यापकाचं असतं तसंच. संध्याकाळी हेडफोन घालून ऐकणं. लोकांना वाटतं की रेकॉर्ड करणं हेच मुख्य काम, पण खरा वेळ जातो ऐकण्यात आणि नोंदी करण्यात, तासाभराचं रेकॉर्डिंग तासाभरात ऐकून होतच नाही, थांबायचं, मागे जायचं, लिहायचं, परत ऐकायचं. मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. फाइलींबद्दल प्रश्न ९ बघा.

३. हे शिकायचं तर कुठे? डिग्री लागतेच का?

स्वतःचं काम करायला डिग्री लागत नाही. फिल्म साउंडमध्ये जायचं असेल तर पुण्याच्या एफटीआयआयमध्ये आणि कोलकात्याच्या सत्यजित रे इन्स्टिट्यूटमध्ये ग्रॅज्युएशननंतरचे कोर्स आहेत, प्रवेश परीक्षा देऊन. नुसतं साउंड आर्ट असं नाव असलेले कोर्स आपल्याकडे फार कमी, त्यामुळे बरेच जण डिझाइन, फाइन आर्ट, फिजिक्स, इलेक्ट्रॉनिक्स किंवा गाण्यातून इकडे येतात आणि प्रत्येक जण आपापली शिदोरी घेऊन येतो. माझ्या वर्गातल्या ज्या मुलांनी थोडाफार तबला नाहीतर गाणं शिकलंय त्यांचा कान पटकन तयार होतो हे मी सतत बघते. शिकवायचं असेल तर मात्र मास्टर्स हवी आणि पुढे पीएचडी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पीएचडीला लेखी प्रबंध द्यावाच लागतो, कलाकृती सोबत जोडता येईल का हे गाइडला पहिल्याच भेटीत विचारा.

४. बजेट कमी आहे, पहिला रेकॉर्डर कुठला घेऊ?

आधी फोन वापरा. खरंच. महिनाभर फोनवर रेकॉर्ड करा, व्हॉइस कॉलसारखी दाबलेली फाइल न देता वेव्ह फाइल देणारं अ‍ॅप शोधा, आणि आपल्याला नक्की काय ऐकायला आवडतं ते कळू द्या. त्यानंतर एक हातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर, बंद कपांचे हेडफोन आणि वारा अडवायला माइकवर घालायची केसाळ टोपी, या क्रमाने. हेडफोनवर कंजूषी करू नका, कारण रेकॉर्ड करताना जे ऐकू आलं नाही ते घरी आल्यावर नको तिथे सापडतं.

५. सेटिंग काय ठेवू? एमपीथ्री चालेल का?

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. डोळे झाकून हेच ठेवा. स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी जागा लागते, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात आख्खा दिवस बसतो. माणसाचा कान जास्तीत जास्त २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा, त्याच्या दुपटीहून जास्त लागतो, म्हणून ४८ पुरतं. एमपीथ्री कुणाला पाठवायला ठीक आहे, पण मूळ रेकॉर्डिंग त्यात करू नका, कारण कानाला लागणार नाही असं वाटून तो जे काढून टाकतो ते परत आणता येत नाही. लेव्हलचा काटा सगळ्यात मोठ्या आवाजालाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा ठेवा (इथे शून्य म्हणजे रेकॉर्डरची वरची हद्द).

हल्ली ३२ बिट फ्लोटचे रेकॉर्डर आलेत, त्यात लेव्हल चुकली तरी नंतर सावरता येते. पण दोन गोष्टी त्यानेही सुटत नाहीत. माइकचा स्वतःचा हिस्स आवाज तसाच राहतो, आणि माइकच्या सहनशक्तीपलीकडचा आवाज आला तर तो माइकमध्येच फाटतो, फाइलपर्यंत धड पोचतच नाही. ढोल-ताशाच्या वेळी हेच होतं, तो प्रश्न १२ मध्ये आहे.

६. पावसाळ्यात सह्याद्रीत रेकॉर्ड करायचंय, माइक खराब होईल का?

पाण्यापेक्षा दमटपणा जास्त त्रास देतो. कंडेन्सर माइकच्या पडद्यावर ओल धरली की चटचट आवाज यायला लागतो. माइक कोरडा आणि कोमट झाला की बहुतेक वेळा ठीक होतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवायचा, आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या बाहेर काढायचा नाही, गार माइकवर लगेच दव धरतं, थोडा वेळ पिशवीतच राहू द्या. छत्रीखाली रेकॉर्ड करू नका, थेंबांचा आवाज सगळं खाऊन टाकतो. दाट झाडाखाली, नाहीतर जाड टॉवेल टाकलेल्या फळीखाली माइक ठेवा.

आणि जा मात्र नक्की. जूनच्या आधी सिकाडा या झाडांवरच्या किड्यांचा करकर आवाज, पाऊस पडला की बेडकं, आणि ओढ्याकाठी शीळकरी कस्तुर हा पक्षी, माणूस रस्त्याने शीळ घालत चाललाय असंच वाटतं. सिकाडांचा आवाज वरच्या पट्टीत गच्च भरलेला असतो आणि त्यामुळे बाकीचे पक्षी त्याच्या खालच्या नाहीतर मधल्या फटीत गातात असं बऱ्याचदा ऐकू येतं. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या वेळी कुठल्या पट्टीत आवाज आहे याचा आलेख, काढून बघितला तर ते चित्रासारखं दिसतं.

७. घरी रेकॉर्ड केलं की गुंsss असा आवाज येतो, काय करू?

ती आपली वीज. भारतात मेन्सचा करंट ५० हर्ट्झचा, म्हणून केबल किंवा अर्थिंगमधून घुसणारी गुणगुण ५० वर आणि तिच्या पटीत, १००, १५० वर ऐकू येते. पेटीच्या भाषेत ५० हर्ट्झ म्हणजे खूप खालच्या सप्तकातली पांढरी पाच, किंचित चढी. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणजे काळी पाच आणि पांढरी सातच्या मधला सूर, त्यामुळे तिकडच्या घराची गुणगुण वेगळ्या स्वराची असते. ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला पेटी घेऊन ऐकवते, मुलं मग फ्रीज आणि ट्रान्सफॉर्मरचे सूर ओळखत फिरतात.

उपाय असा: आधी लॅपटॉपचा चार्जर काढा, बऱ्याचदा तिथेच मिटतं. नाही मिटलं तर सगळी उपकरणं एकाच बोर्डवर लावा, ऑडिओची केबल पॉवरच्या वायरीला समांतर नेऊ नका, डिमर आणि स्वस्त एलईडी बंद करा. अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, जिवावर बेतेल.

८. काँटॅक्ट माइक म्हणजे काय? घरी करता येतो का?

येतो, आणि प्रत्येकाने एक तरी करावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पिझो डिस्क मागा, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते आणि फार स्वस्त. पितळी चकती आणि मधे पांढरं सिरॅमिक. शिल्डेड केबलची आतली तार पांढऱ्या भागाला, बाहेरची जाळी पितळेला. सोल्डरिंगची इस्त्री पांढऱ्या भागावर क्षणभरच टेकवायची, जास्त तापलं की सिरॅमिकचा गुण जातो. दुसऱ्या टोकाला गिटारची जॅक. मग चकतीला इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि डबल टेपने वस्तूवर घट्ट चिकटवा, सैल राहिली तर नुसती खरखर.

हा माइक हवेतला आवाज जवळजवळ घेत नाही, वस्तूच्या अंगातली थरथर घेतो. पुलाचा कठडा, गच्चीची पाइप, तानपुऱ्याचा भोपळा. तानपुऱ्यावर लावून बघाच, ब्रिजवरचा जव्हारीचा दोरा बोटाने केसभर सरकवला की सुराच्या आतले वरचे स्वर एकामागून एक उघडतात ते इतकं जवळून एरवी ऐकायलाच मिळत नाही.

आवाज पातळ, खरबरीत येतो अशी तक्रार खूप जण करतात. डिस्क खराब नसते, पिझोला जास्त इंपीडन्सचं (विजेला जास्त अडथळा करणारं) इनपुट लागतं, निदान १ मेगाओहम. ऑडिओ इंटरफेसवर (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) इन्स्ट्रुमेंट किंवा गिटार लिहिलेलं बटण दाबा, माइकच्या इनपुटमध्ये लावलं तर खालचा सगळा आवाज जातो.

९. फाइलींना नावं कशी देता? बॅकअप?

तारीख, गाव, जागा, काय, कुठला माइक, याच क्रमाने, आणि तारखेत वर्ष आधी म्हणजे फाइली आपोआप ओळीत लागतात. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडानेही तेच बोला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, एक घराबाहेर. मूळ फाइल कधीही एडिट करू नका, कॉपीवर काम करा. कंटाळवाणं वाटतं, पण दहा वर्षांनी तो आवाज कुणाचा होता हे सांगणारं दुसरं कुणीच नसतं.

१०. हे सगळं परदेशी फॅड नाही का? आपल्याकडे कुठे होतं हे?

हा प्रश्न मला फार जिव्हाळ्याचा आहे म्हणून लांब लिहिते. १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) इलेक्ट्रॉनिक म्युझिक स्टुडिओ सुरू झाला होता, मूग सिंथेसायझर या विजेवर आवाज घडवणाऱ्या यंत्रासकट, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो लावून दिला आणि त्यामागे संगीतकार गीता साराभाई होत्या. याच गीताताईंनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीत शिकवलं होतं, म्हणजे देवाणघेवाण दोन्हीकडून होती. स्टुडिओ थोडीच वर्षं चालला, पण तिथे आपल्या लोकांनी केलेलं काम टेपवर राहिलंय.

त्याच्याही आधी बघा. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये नेचर मासिकात तबला-मृदंगाबद्दल लिहिलं, की साध्या चामड्याच्या वाद्याचे वरचे स्वर बेसूर असतात पण शाई लावलेल्या पुडीचे पटीत लागतात, म्हणून तबल्याला सूर आहे. आणि आपल्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयांचे स्वर मोजत बसायचे, बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांवर, त्यांचं पुस्तक १९१० चं. पुढे त्यातून श्रुतींची पेटीसुद्धा तयार करून घेतली गेली. श्रुतींचा वाद अजून संपलेला नाही आणि देवलांचं सगळं पटावं असंही नाही, पण गवयासमोर बसून, उपकरण घेऊन, कानाने तपासत राहणं, मी रोज करते ते याहून वेगळं काय आहे?

आणि तिसरं, माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठं काम, जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी कार्यकर्त्यांच्या मदतीने गावोगाव जाऊन महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, बर्नार्ड बेल या संगणक आणि संगीत दोन्ही जाणणाऱ्या अभ्यासकाने त्यात रेकॉर्डिंगची आणि डेटाबेसची बाजू सांभाळली. आता ते पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या वेबसाइटवर ऐकायला मिळतं. त्यात जात्याची घरघर ऐका, दगडाच्या फेऱ्याने ओवीची लय ठरते, दळण जड असेल तर ओळ लांबते. टेक्नॉलॉजी आणि बाईचा गळा एकत्र आल्यावर काय उभं राहतं ते मुलांना दाखवायला मी दरवर्षी इथूनच सुरुवात करते.

११. कोडिंग यायलाच हवं का? कुठलं सॉफ्टवेअर?

यायलाच हवं असं नाही, पण आलं की मजा वाढते. एडिटिंगला ऑडॅसिटी फुकट आहे. आवाज स्वतः घडवायचे असतील तर प्युअर डेटा, मिलर पकेट यांनी केलेलं, फुकट, त्यात स्क्रीनवर चौकोन ठेवून तारांनी जोडायचे असतात, ओळी लिहाव्या लागत नाहीत, त्यामुळे कॉमर्सची मुलंसुद्धा दोन तासांत आवाज काढतात. टाइप करायला आवडत असेल तर सुपरकोलायडर. रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरवरही प्युअर डेटा चालतं, प्रदर्शनात लॅपटॉप अडकवून ठेवावा लागत नाही. लाइट गेल्यावर परत आली की आपोआप सुरू होईल असं सेटिंग पहिल्या दिवशीच करून ठेवा.

१२. गणपतीत ढोल-ताशा रेकॉर्ड करायचाय. आणि तुम्ही गोंगाटाच्या विरोधात आहात का?

ढोल मला मनापासून आवडतो, पण अंतर ठेवून. पथकाच्या आत शिरू नका, समोरून पुढे जा, नाहीतर पहिल्या मजल्यावरची बाल्कनी बघा, तिथून ढोल आणि ताशा वेगवेगळे ऐकू येतात. जास्त आवाज सहन करणारा डायनॅमिक माइक घ्या.

कानात इअरप्लग हवेतच. कामाच्या जागेसाठीचा सर्वमान्य हिशोब असा की ८५ डेसिबलला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. वाजवणारी पोरं तासन् तास त्यात असतात आणि बहुतेकांच्या कानात काही नसतं, हे बघून मला खरंच काळजी वाटते. कानात शिट्टी वाजत राहिली तर ईएनटीकडे जा, घरगुती तेल घालू नका.

कायद्याचं विचाराल तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्र म्हणजे १० ते ६, आणि दवाखाना, शाळा, कोर्टाच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र होऊ शकतं. फोनच्या अ‍ॅपवर मोजलेला आकडा अंदाजापुरता, त्यावर तक्रार टिकत नाही.

१३. लोकांचे आवाज रेकॉर्ड करताना परवानगी लागते का?

बाजाराचा एकूण गलबला, त्यात कुणी ओळखू येत नाही, तर मी विचारत बसत नाही. एक माणूस स्पष्ट ओळखू येतो किंवा कुणी गातंय, तर विचारायचंच, आणि आधी. गाणाऱ्याला आपल्या कॉपीराइट कायद्यात परफॉर्मरचा हक्क आहे, ५० वर्षांचा, आणि नाव दिलं जाण्याचाही. मावशी गाते म्हणून ती ‘लोककला’, सगळ्यांची, असं धरून चालणं मला पटत नाही. परवानगी मराठीत, साध्या शब्दांत, रेकॉर्डरवरच घ्या: कशासाठी, कुठे वाजणार, पैसे मिळाले तर काय. आणि रेकॉर्डिंगची प्रत त्यांच्या घरी नेऊन द्या.

१४. आणि गाणारी व्यक्ती आता नसेल तर?

आधी दिलेली परवानगी नीट वाचा, ज्यासाठी दिली तेवढ्यापुरतीच ती चालते. नवीन वापर असेल तर घरच्यांना भेटा, फोनवर उरकू नका, आधी त्यांना ते ऐकवा. काही जणांना बरं वाटतं, काही घरांत ऐकवतच नाही, आणि ते नको म्हणाले तर मी वापरत नाही. कायद्याने चालत असलं तरी.

१५. लेण्यांत फुगे फोडून काय करता?

त्या जागेचा घुमारा पकडते. फुग्याचा आवाज क्षणभराचा असतो, त्यानंतर जे उरतं ते सगळं जागेचं. ६० डेसिबलने खाली यायला किती वेळ लागतो तो तिचा रिव्हर्ब टाइम, आणि ते रेकॉर्डिंग कॉन्व्होल्यूशन रिव्हर्ब या सॉफ्टवेअरमधल्या इफेक्टमध्ये घातलं की स्टुडिओतला आवाज त्या जागेत गायल्यासारखा येतो. फोडल्यावर शेपूट पूर्ण विरेपर्यंत हलायचं नाही, कपड्यांची सळसळसुद्धा येते. पुरातत्त्व खात्याच्या जागी ट्रायपॉडला परवानगी लागते, आधी काढा. आणि वटवाघळं असतील तिथे फुगे अजिबात नाहीत, स्पीकर नाही, काही नाही, बाहेर या.

१६. एआयने आवाज बनवता येतात, मग फिरायचं कशाला?

पाऊस हवा तर एआय पाऊस देईल. मुळशीत त्या पत्र्यावर त्या संध्याकाळी पडलेला पाऊस देणार नाही, आणि संशोधनात मला तोच लागतो. बाकी मी मशीन लर्निंग रोज वापरते, बर्डनेट तासन् तासांच्या रेकॉर्डिंगमधून पक्षी शोधून देतं, पण प्रत्येक नोंद स्वतः ऐकून मगच ठेवते. नॉइज काढणारी टूल्स जपून, ती तानपुऱ्याची जव्हारीसुद्धा गोंगाट समजून पुसतात.

१७. पोट भरतं का यात?

माझं शिकवण्याच्या पगारावर भरतं. बाकी म्युझियमची कामं, माहितीपट, पॉडकास्ट, क्वचित फेलोशिप. पहिली काही वर्षं एक नियमित उत्पन्न ठेवा आणि माइक हप्त्यावर घेऊ नका, मित्रांमध्ये मिळून घ्या.

१८. वटवाघळं माझ्या रेकॉर्डरवर का येत नाहीत? ९६ किलोहर्ट्झ ठेवलंय.

९६ च्या सॅम्पल रेटला जास्तीत जास्त ४८ किलोहर्ट्झपर्यंतचं मावतं, आणि तेही माइक तितकं वर ऐकत असेल तर, साधे माइक २० च्या पुढे पडतात. शहरातली छोटी, किडे खाणारी वटवाघळं बहुतेक त्या २० च्या वरच ओरडतात. ऑडिओमॉथ नावाचं छोटं रेकॉर्डर ३८४ किलोहर्ट्झपर्यंतचा सॅम्पल रेट घेतं, ते झाडाला बांधून ठेवा आणि नंतर दहापट सावकाश वाजवा, ४५ किलोहर्ट्झचा आवाज साडेचारवर येतो आणि चिकचिक स्पष्ट ऐकू येते, किडा जवळ आला की वेग वाढत जातो तेही. वडावर लटकणारी मोठी फळं खाणारी वाघळं वेगळी, त्यांच्या भांडणाला साधा रेकॉर्डर पुरतो. कार्ड मोठं टाका, ३८४ ला एका चॅनलचे मिनिटाला ४६ एमबी जातात, म्हणून रात्रभर सलग न ठेवता दर दहा मिनिटांत एक मिनिट असं शेड्यूल लावा.